अण्णांच्या हाकेची डबी

घशाच्या ऑपरेशनमध्ये अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज गेला. ज्या माणसाची हाक हसनाबादच्या आमच्या शेतातून थेट घरात ऐकू यायची, तो माणूस चमच्यानं ताट वाजवून आईला बोलवायला लागला. आई भडकायची. "मी काय ढोर हाय का? ताट वाजलं की मी येणार न्हाई!" आणि मंग आत जाऊन डोळे पुसायची. तिला त्यांची हाक पाहिजे होती, अन् मला ते बघवत नव्हतं.

मोबाईल अण्णांना जमेना. जाड बोट एकीकडं टेकायचं, उघडायचं भलतंच. त्यांना दाबल्यावर खट् वाजणारी बटणं पाहिजेत. म्हणून मी डबीएवढा एक कॉम्प्युटर आणला, त्याला जुना कीबोर्ड आणि स्पीकर जोडला. लिहिलेलं वाचून दाखवणारा एक फुकटचा प्रोग्राम होताच, त्याचा कोड कुणालाही बदलता येतो. मी त्यात आमच्याकडचे उच्चार घातले. अण्णा बातम्या देणाऱ्या पुणेकरासारखे बोलले असते तर गावानं हसून बेजार केलं असतं.

खरी कटकट पुढंच होती. डबीचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा, लॅपटॉपसाठी बांधलेला, म्हणजे कोडपासून चालता केलेला, प्रोग्राम तिला कळेना. तिच्यावरच बांधायला जावं तर मेमरी संपून ती अर्ध्यातच गप्प. मंग लॅपटॉपवर बसून डबीसाठी बांधायला घेतलं. पण हा प्रोग्राम भारी आगाऊ! बांधून पुरा व्हायच्या आधीच तो स्वतःला चालवून बघतो आणि आवाजाच्या फायली तयार करून घेतो. आता डबीसाठी बांधलेला प्रोग्राम लॅपटॉपवर चालणार कसा? दर वेळी तिथंच येऊन आडवा पडायचा. मी अशा काही शिव्या घातल्या की आई म्हणाली, "त्या मशीनला बोलू दे बाई, तूच किती बोलशील!"

शेवटी डोक्यात उजेड पडला. आधी लॅपटॉपपुरता एक बांधला, त्याच्याकडून आवाजाच्या फायली करून घेतल्या, आणि त्याच मंग डबीसाठी बांधलेल्या प्रोग्रामच्या हवाली केल्या. डबी बोलली! मला तर नाचावंसं वाटलं.

अण्णांपुढं कीबोर्ड ठेवला. वाटलं, आता लेकीचं कौतुक होणार. त्यांनी एकेक अक्षर हुडकत लिहिलं, बटण दाबलं, आणि डबी खणखणीत ओरडली, "आगं ए, जल्दी चहा टाक!"

"टाकते की, जरा दम धरा!" स्वयंपाकघरातून आई खेकसली.

मंग आतलं भांड्यांचं वाजणं एकदम थांबलं. पदराला हात पुसत आई दारात आली, आधी डबीकडं आणि मंग अण्णांकडं बघत राह्यली. अण्णा गालातल्या गालात हसत होते. आईचे डोळे भरून आलेले.

"आवाज कुणाचा का असंना," ती म्हणाली, "हुकूम तर तुमचाच हाय. मारा बरं अजून एक हाक."