एका वाटीचं उद्यापन

अंगणभर मांडव घालून सतरंज्या अंथरल्या होत्या आणि फक्त एकाच जागी पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळी. मोराची!

तिथेच मला शंका यायला हवी होती. पण मी शहाणी! काकूला विचारलं, "काय गं, कुणाचं केळवण आहे?"

काकू गालात हसली. "आधी पाय धू. मग सांगते."

आता हा घोटाळा कुठून सांगायला घेऊ? शेवटापासून घेतला तर तुम्ही माझ्याशी बोलणंच टाकाल. म्हणून सुरुवातीपासूनच ऐका.

जूनमध्ये माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. यात जठर कापून लहान करतात, मग जेवण वाटीभरच मावतं. आमच्या दहिवलीत सगळ्यांना आम्ही सांगितलं, ऑफिसचं ट्रेनिंग आहे. आई म्हणाली, "कुठे बोलू नकोस. उद्या स्थळं यायचीत." बाबा म्हणाले, "सांगून टाक की, चोरी केलीय का?" आणि मी? मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. दाराची बेल वाजली की दचकून ठरवायची, नको बाई!

आषाढीनंतर खालापूरकडे काकूकडे गेले. माझी ही सख्खी चुलती. हिच्या घरातून कुणी अर्धपोटी उठलंय असं आजवर झालेलं नाही. मी चार चमचे मऊ भात खाऊन हात आखडला, तर ती भाकरी घेऊन उभीच!

"घे गं. येवढ्यानं काय व्हतंय?"

"नको काकू."

"नको कशापायी? माझ्या हाताला चव नाय?"

"तसं नाही गं..."

"मग आजारी हायस? काय लपवतेस?"

काय लपवतेस! हे ऐकलं आणि माझी जीभ परस्पर बोलून गेली, "नेम आहे माझा! चातुर्मासात जेवायला एकच वाटी!"

काकूचा हात हवेतच थांबला. भाकरी टोपलीत परत गेली. काकूच्या घरात भाकरी परत जाते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. नेमवालीला आग्रह करायचा नसतो ना! मला वाटलं, जिंकले. चार महिन्यांची काळजी मिटली.

कसली मिटते! पंधरा दिवसांत नेरळच्या मावशीचा फोन आला, "अगं, एका वाटीवर राहतेस म्हणे! एवढी शिकलेली मुलगी, धन्य हो!" मी बारीक होत गेले तसं बायका म्हणायला लागल्या, चेहऱ्यावर तेज आलंय. तेज कसलं? गालफडं बसली होती! रोज कर्जत स्टेशनवरून जाताना वड्यांचा घाणा दरवळायचा, पण ते जाऊ द्या.

सगळ्यात वाईट काय झालं माहितीये? काकूने चहा सोडला. दिवसाला सहा कप पिणारी बाई! म्हणाली, "लेकरू वाटीवर ऱ्हातंय, मंग मी निदान चा तरी सोडते. तू नेम सोडशील तवा मीबी पिईन." पहिला महिनाभर बिचारी डोक्याला फडकं बांधून फिरत होती. दर वेळी मी खरं सांगायला तोंड उघडायची आणि ते फडकं बघून मिटायची.

तर कार्तिकी झाली आणि त्या रविवारी तो पाट.

"नेम घेतला म्हंजे उद्यापन नको?" काकू म्हणाली. "तुझ्या आईला नाय सुचलं, मला सुचलं."

चाळीस माणसं! पाटापुढे ताट. चार पुरणपोळ्या, तुपाची वाटी, कटाची आमटी, भजी, भाताची मूद. आणि नियम काय? मी पहिला घास घ्यायचा, मग पंगत बसायची. ताटात काही टाकायचं नाही. माझ्या ताटाशेजारी काकूचा कप, वर बशी झाकलेला. चार महिन्यांनंतरचा तिचा पहिला चहा.

मी आईकडे पाहिलं. आई कानात पुटपुटली, "दोन पोळ्या खा आणि गप बस."

दोन! अर्ध्या पोळीनंतरच सगळं परत येतं हो! चाळीस माणसांपुढे, मोरावर!

"आलेच हं, हात धुऊन," म्हणत मी मोबाईल घेऊन मांडवामागच्या न्हाणीघरात शिरले. कडी लावली. मनाशी पक्कं केलं, आता बस्स. आधी हॉस्पिटलातल्या डाएटिशियन मॅडमना विचारायचं, किती घास चालतील. मग काकूला बाजूला घेऊन सगळं खरं सांगायचं. एकटीला. हळूच.

फोन लावला. कानाला नुसती शांतता. रेंज नसेल. पुन्हा लावला. तेच. वैताग नुसता! बाहेर चाललेले अभंगही मध्येच बंद पडले. लाइट गेली वाटतं. त्यात मांडवात कुणाचा तरी फोन घणाणायला लागला. ट्रिंग ट्रिंग, ट्रिंग ट्रिंग, आणि कुणी उचलेना! माझं डोकंच फिरलं. मी आतूनच ओरडले, "अहो, कुणाचा वाजतोय? उचला की!"

तरी तो वाजतच राहिला.

आणि तेव्हा मला आठवलं. आल्या आल्या काकू म्हणाली होती, "तुझ्या मोबाईलवर अभंग लाव गं." आणि मीच मांडवातल्या त्या मोठ्या स्पीकरला माझा फोन ब्लूटूथने जोडून दिला होता. तो अजून जोडलेलाच होता. वाजत होती ती मीच लावलेल्या फोनची रिंग.

मी घाईघाईने लाल बटण शोधतेय, तेवढ्यात मॅडमनी उचलला. चाळीस माणसांच्या डोक्यावरून, काकूच्या झाकलेल्या कपावरून, खणखणीत आवाज आला:

"हां स्नेहल, बोला! ऑपरेशनला पाच महिने झाले ना? पोट काय म्हणतंय? की श्रावणातल्यासारखा पुन्हा स्टेशनवर गुपचूप वडापाव खाल्लात?"