साइड संपेपर्यंत

रेकॉर्ड ऐकायची तर पूर्ण ऐकायची, असं माझं मत. आवडीचं गाणं झालं की सुई उचलणारा माणूस मला ताटातले नुसते गुलाबजाम खाऊन उठणाऱ्या पाहुण्यासारखा वाटायचा.

मतं मला पुष्कळ. माझ्याकडच्या गझलांच्या जोडअल्बमची पहिली बाजू अशी, की पुढच्या तिन्ही भरतीच्या वाटाव्यात. नाट्यपदांच्या रेकॉर्डमध्ये ऑर्गन गायकाच्या किंचित मागे रेंगाळतो, गोडी तीच. नव्या चकचकीत आवृत्तीत ती धुऊन निघाली. इंग्रजी रॉकवाले पोट्टे पहिल्या बाजूवर नुसते ओरडतात, दुसरीवर दमतात आणि मग खरं बोलतात. जॅझ मला फारसं कळत नाही, पण ट्रम्पेटवाला थांबतो तिथं मी जास्त कान देतो. या सगळ्यांच्या वर मारव्याची एक रेकॉर्ड, गोल बाजारात भांड्यांच्या दुकानामागे मिळालेली. गायक षड्जावर, घरच्या 'सा'वर, येतच नाही. आपण आपल्याच दारात उभे, आणि कुलूप काही उघडत नाही.

इकडे हिंदी मुलखात, समता कॉलोनीतल्या आमच्या घरात नियम एकच होता: साइड संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. बायको अमरावतीची, बोलकी. तिनं त्यावर तोड काढली. मी रेकॉर्ड उलटवायला उठलो की ती स्वयंपाकघराच्या दारात यायची.

"आता बातम्या! दूध फाटलं. तुमच्या बहिणीचा फोन येऊन गेला. नळवाला भैया आजही आला नाही. बाहेरचं हवामान बरं, घरातलं तापून राहिलं."

मी हसत सुई टेकवायचो.

"झालं? लागली समाधी," म्हणून ती वळायची.

दिवाळीआधीच्या एका रविवारी सकाळी मारवा लावला होता. मारवा संध्याकाळचा राग, सकाळी लावू नये, पण मी लावायचो. ती बातम्यांच्या वेळेची वाट न पाहता मध्येच आली. "अहो, ऐका न. मले जरा..."

मी डोळे न उघडता हात वर केला. तळवा तिच्याकडे.

साइड संपली. मी उठून रेकॉर्ड उलटवली. बातम्या झाल्या नाहीत. मला ते जाणवलं, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं. दुसरी बाजू निवांत मिळाली. काय सांगायचं होतं, ते मी त्या दिवशी विचारलं नाही. नंतरही नाही.

होळी उलटून गेल्यावर डॉक्टरांनी तिला विचारलं, "गांठ कब से है?"

"दिवाली के पहले से."

"तो बताया क्यों नहीं?"

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "ध्यान नहीं गया, डॉक्टर साहब."

मी शेजारच्या खुर्चीत होतो. गप्प बसलो.

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, बायका दुखणं अंगावर काढतात. मी मान हलवायचो. दोन वर्षं मी ती मान हलवत आलो. पुण्याला नोकरी करणारी आमची मुलगी तर आईवर रागावलीच. फोटोला हार घालायलाही तयार नव्हती. "मम्मी ने छुपाया, पापा. हमसे छुपाया." तिच्यापुढेही मी गप्पच.

गेल्या रविवारी पहिल्यांदाच तो मारवा पुन्हा लावला. अर्ध्यात मुलीचा फोन वाजला. मी सुई उचलली.

"गाना चल रहा था क्या? बाद में करूं?"

"नाही. बोल."

"आपने बीच में बंद किया?" ती हसली. मग म्हणाली, "बस ऐसे ही. आज मम्मी पे फिर गुस्सा आया."

"तिच्यावर नको रागावू, बेटा," मी म्हणालो. "तिनं लपवलं नव्हतं. ती सांगायला आली होती." आणि हात वर केल्यापासून डॉक्टरांसमोरच्या खुर्चीपर्यंत सगळं सांगितलं. ती मध्ये एकदाही बोलली नाही. आमच्या घरात वाढलेली पोरगी, ऐकून घेणं तिला येतं.

मग तिनं विचारलं, "कौन-सा रेकॉर्ड था?"

"मारवा. आत्ता चालू होता तोच."

"अच्छा है?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "सगळ्यात चांगला," मी म्हणालो.

तिनं फोन ठेवला. तबकडी फिरतच होती, सुई माझ्या बोटात अधांतरी. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिलो.