रशियाचं तेल आणि आमचा बर्फ

बोटीच्या पोटातून पाण्याची बारीक धार गळत होती. मासळीसाठी काल भरलेला बर्फ वितळत होता. आभाळ स्वच्छ, वारा मऊ, आणि बोट मात्र जेटीला बांधलेली. ती धार बघून माझं डोकं तापलं.

मुलगा दामू म्हणाला, "आबा, डिझेल परत चढलं. रशियाचं तेल अडलंय, म्हणून त्याची गिऱ्हाइकं दुसऱ्यांच्या तेलावर तुटून पडलीत. जगाचा बाजारच पेटलाय. या भावात फेरी परवडायची नाही."

मी तिसरीत शाळा सोडली. रशिया कुठल्या दिशेला, मला ठाऊक नाही. पण धुक्यात नुसत्या वासावरून मी किनारा शोधलाय. भांडणारे तिकडं भांडतात, तेल तिकडं अडतं, आणि दोर माझ्या बोटीला! मला कुणी विचारलं होतं? शिडात भरणारा वारा असा कुणाला अडवता आला नव्हता. ती शिडं उतरवून इंजिन बसवलं आम्हीच, हेही खरं. त्याचा राग वेगळाच.

"आबा, फेरी नाही हे खलाशांना तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतील."

"मी नाही सांगणार. तुझ्या त्या जगाच्या बाजाराला बोलाव जेटीवर. तो सांगू दे."

बाजार कशाला येतोय! सहा खलाशी तेवढे आले, कपड्यांच्या पिशव्या घेऊन.

"आबा, निघायचं ना?"

आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या खलाशांशी खाली बघून बोललो.