पंख्याच्या बुडाचं प्लास्टिक

वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा वास आला की मेहरूणमधल्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. ताईने स्वतः जोडलेला नवा कॉम्प्युटर सुरू केला की लगेच तापून बंद पडत होता, आणि घरून करायची तिची पहिलीवहिली नोकरी उद्यावर आली होती. "उन्हाया शे, तपीच ते," वडील उन्हाळ्यावर खापर फोडत म्हणाले. आम्ही खोलीतला कूलर त्याच्याकडे वळवला, तरी तेच. "प्रोसेसर जळाला तर रे?" ताईने मला विचारलं. शेवटी तिने प्रोसेसरवरचा पंखा काढला, तर त्याच्या बुडाला कंपनीचं पातळ प्लास्टिक तसंच चिकटलेलं! त्यामुळे उष्णता बाहेर पडतच नव्हती. ते सोललं, उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली, पंखा बसवला. संध्याकाळपर्यंत मशीन गार चाललं. ताई फरशीवर आडवी होऊन हसत सुटली. आता मी रोज कॉम्प्युटर दुरुस्त करतो, पण तेवढं हायसं पुन्हा कधी वाटलं नाही.