दम आणि दंड

आमच्या सोसायटीच्या जिममध्ये समीर आरशासमोर वजनं उचलत असतो आणि त्याची बायको केतकी ट्रेडमिलवर पळत असते. "पळून पळून काडी झालीस," तो म्हणतो. "आणि तू नुसता फुगलायस," ती म्हणते. शेजारच्या सायकलवर बसून मी हे रोज ऐकते.

मध्यंतरी लिफ्ट बंद असताना समीरच्या आईंचा पाय घरातच मुरगळला. दवाखान्यात न्यायला समीरने त्यांना ऐटीत उचललं, पण दोन मजले उतरेपर्यंत त्याला इतका दम लागला की त्याने त्यांना पायरीवरच बसवलं. केतकीला धाप लागली नव्हती, पण सासूबाईंचा भार खांद्यावर येताच तिचे गुडघे वाकले. शेवटी वॉचमनने आणि मी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी समीर ट्रेडमिलवर होता आणि केतकी वजनांपाशी. चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे. आठवड्याभरात दोघं पुन्हा आपापल्या जागी. "त्यात मजा नाही हो," केतकी मला म्हणाली. जे आधीच जमतं तेच रोज करायचं, घाम पुसत स्वतःवर खूश व्हायचं आणि याला मेहनत म्हणायचं! मला तर ही आळशीपणाचीच घामट जात वाटते.

काल समीरच्या आई हळूहळू जिना चढताना भेटल्या.

"अहो, लिफ्ट चालू आहे की," मी म्हटलं.

"असू दे. पाय बळकट करतेय. पुन्हा त्या दोघांच्या हाती पडायचं नाही मला."