जपानच्या सोयऱ्यांचा डबा

मी खोडदची सरपंच झाले ती जागा महिलांसाठी राखीव झाली म्हणून, हे मी कधी लपवलं नाही. पण एकदा खुर्चीत बसल्यावर माझ्या वतीनं दुसऱ्या कुणाला सही करू दिली नाही, अगदी नवऱ्यालासुद्धा.

आमच्या शिवाराला लागून मोठमोठ्या दुर्बिणी आहेत. जपानमधल्या एका डोंगरी गावातही तशा दुर्बिणी, आणि भोवती शेतीच. तिथल्या एका शास्त्रज्ञानं सुचवलं की दोन्ही गावांनी मैत्रीचा करार करावा. ग्रामसभेत एकानं विचारलं, "त्यानं आमच्या टोमॅटोला काय बाजार मिळणार हाय?" मी म्हटलं, "पोरगी देताना सोयरं काय पिकवत्यात येवढंच बघता का भाऊ?" हशा पिकला आणि ठराव मंजूर झाला. त्या दिवसापासून गाव त्यांना 'जपानचे सोयरे' म्हणू लागलं आणि माझे विरोधक मला 'जपानची सरपंच'. मला ते नाव आवडलं.

सह्या करायला तिकडून चौघं आली. त्यात त्यांच्या कचेरीतली एक बाई होती, माझ्याच वयाची. तिचं आणि माझं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं लगेच जमलं. निघताना तिनं आमच्या घरी तांदळाच्या खाऱ्या बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा दिला. पुढे महिन्याभरात तिचा एक फोटो आला. त्यांच्या कचेरीच्या दारात लाकडी फळी आणि तिच्यावर देवनागरीत 'खोडद'. तो फोटो पर्समध्ये ठेवून मी जुन्नरपासून माझ्या माहेरापर्यंत, निरगुडसरपर्यंत, सगळ्यांना दाखवला.

बिस्किटं संपली आणि घोळ सुरू झाला. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमची रीत. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, डबा शेंगदाण्याच्या चटणीनं दाबून भरला. पार्सल परत आलं. वर चिठ्ठी होती, घरचे खाद्यपदार्थ तिकडे चालत नाहीत. दुसऱ्यांदा कुरडया भरल्या. त्याही परत आल्या.

"रिकामाच धाडू या का?" मी विचारलं.

"सोयऱ्यांत तोंड दाखवाया जागा राहील का?" आत्याबाई कडाडल्या. "आपल्या घरात काय नाय असं व्हईल त्याचं!"

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. चांगलंसं काही सुचलं की पाठवू, म्हणून डबा स्वयंपाकघरातल्या मांडणीवर राहिला. आणि डब्याशिवाय नुसतं पत्र कुठल्या तोंडानं लिहायचं? तिची दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. बघता बघता दोन वर्षं गेली.

मग त्यांच्या कचेरीचं पत्र आलं. फार नम्र होतं. तुमच्या गावाला यात रस उरला नसेल तर आम्ही समजू शकतो, वर्षअखेरीस करार संपवून फळी उतरवू, असं लिहिलं होतं.

एवढ्या लांब लागलेलं आमच्या गावाचं नाव माझ्या संकोचापायी उतरणार होतं. मला माझाच इतका राग आला की मी तडक घरी येऊन डबा घासायला घेतला.

आत्याबाईंनी तो बघितला आणि त्यात चिमूटभर साखर टाकली. मी ती पुसून काढली. पार्सल परत आलं असतं तर पुन्हा पाठवायला वेळ उरला नव्हता. त्या चार दिवस माझ्यावर फुगून होत्या. पत्रात मी सगळं खरं लिहिलं: "आमच्यात भांडं रिकामं देत नाहीत. दोनदा भरून पाठवलं, दोनदा परत आलं. लाजेनं गप्प राहिले, चूक माझी. आज रिकामं पाठवतेय. आता ते भरून न्यायला तुम्हीच या."

उत्तर दोन ओळींचं आलं. फळी जागेवर आहे, मी येते आहे.

ती हिवाळ्यात आली, डबा काखेत घेऊन. आत्याबाई दारात भाकरतुकडा ओवाळायला उभ्या होत्या, तरी ती उंबऱ्याबाहेरच थबकली. तिनं कोटाच्या खिशातून एक छोटी काड्यापेटी काढली, डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि मग दोन्ही हातांनी डबा पुढे केला. मला म्हणाली, "माझी आई पण रिकामं भांडं देत नसे. घरात काहीच नसलं तर काड्यापेटी ठेवायची. तुझं पत्र वाचून मला आईच आठवली."

मी ते आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी झाकण उघडून काड्यापेटी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"बघ," त्या म्हणाल्या, "आणि तू माझी साखर पुसलीस."

मग त्यांनी त्याच पेटीतली काडी ओढून चूल पेटवली आणि चहाचं आधण ठेवलं.