हन्नाबाईंचा शनिवार

हन्नाबाईंकडे पहिल्यांदा गेले ती नेमकी शनिवारी, वही-पेन घेऊन. मी ज्यू इतिहास आणि संस्कृती या विषयात एम.ए. करत होते. शनिवारी ज्यू माणूस लिहीत नाही, चूल पेटवत नाही, हे परीक्षेत लिहून मार्कसुद्धा मिळवले होते. अक्कल मात्र घरी राहिली! ठाण्याच्या वर्तकनगरातल्या या निवृत्त ज्यू नर्सबाईंनी दारातच पेनाकडे बोट दाखवलं. "ते पेन पिशवीत टाक गो. चांदण्या दिसल्या, शनिवार सरला, की घरी जाऊन लिही. तोवर नुसतं ऐक."

मग शुक्रवारीच थर्मासमध्ये भरून ठेवलेला चहा आणि गप्पा. त्यांचे आजोबा अलिबागकडे तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. घाण्याच्या बैलाचे नखरेसुद्धा बाई साभिनय सांगायच्या. एकदा रविवारी मी हौसेने रेकॉर्डर लावला, तर बाई ताठ बसून भाषण देऊ लागल्या! नंतर स्वतःच हसल्या. "कागद काढलास, यंत्र लावलंस, की माणूस शहाण्यासारखं बोलायला लागतं. त्यात काय राम?"

बाबा ठाण्याच्या कोर्टात कारकून. त्यांनी बजावलं होतं, एम.ए.नंतर एक वर्ष. नोकरी नाही लागली तर मुकाट्याने बँकेच्या परीक्षा. वर्ष सरत आलं तसे एका शनिवारी तेच बाईंकडे थडकले. "तुमचा इतिहास शिकून माझ्या मुलीला नोकरी कोण देणार?"

"मला काय ठाऊक? मी काय नोकऱ्या वाटते? बसा, चहा घ्या."

बाबा दोन तास बसले. परतताना कुरकुरले, "चहा शिळा होता." पण पुढच्या शनिवारी माझ्याआधी चपला घालून तयार!

त्याच महिन्यात मुंबईतल्या एका संग्रहालयाने मुलाखतीला बोलावलं. काम म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करण्याचं. समोर एक आजोबा बसवले होते. बाकीच्या उमेदवारांनी मोबाईल पुढे केले. मी पेन पिशवीत टाकलं आणि ऐकत बसले. आजोबा खुलले, आणि नोकरी मला लागली. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "शनिवारी सुट्टी आहे ना? मग झालं."

गेल्या महिन्यात बाई मुलाकडे इस्रायलला गेल्या, कायमच्या. थर्मास आम्हाला देऊन गेल्या. मला फार रडू आलं.

परवाच्या शनिवारी त्याच थर्मासमधला चहा पिताना बाबांना बाईंची एक गोष्ट आठवली, मी कधीच न ऐकलेली. मी घाईने पेन उघडलं.

बाबा उठून खिडकीशी गेले, आभाळाकडे बघत म्हणाले, "अगं, थांब जरा. अजून चांदण्या कुठे दिसल्यात?"